लिब्रेऑफिस शिकण्याआधी

‘वर्डऐवजी काय वापरावे?’ हा प्रश्न शाळांत, लहान कार्यालयांत आणि घरच्या संगणकापुढे वारंवार विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो पैशांपोटी विचारला जातो. वर्षाची वर्गणी परवडत नाही, ‘क्रॅक’ केलेली प्रत वापरणे मनाला पटत नाही, म्हणून फुकटातले काहीतरी हवे असते. कारण रास्त आहे. पण केवळ त्या कारणाने लिब्रेऑफिसकडे वळलेला माणूस फार दिवस टिकत नाही. बाहेरून आलेल्या फाइलमधला तक्ता हलला, नेहमीचे बटण नेहमीच्या जागी दिसले नाही, की ‘फुकट ते असेच असायचे’ असे म्हणून तो जुन्या वाटेला लागतो. म्हणून या प्रस्तावनेत मी किमतीचा मुद्दा मागे ठेवणार आहे. माझे म्हणणे असे, की ऑफिस संच निवडताना आपण खरे तर फाइलचा साचा निवडत असतो. आज लिहिलेले पत्र, इतिवृत्त, प्रबंध किंवा हिशेब वीस-तीस वर्षांनी कुणाला, कशाच्या मदतीने आणि कुणाच्या परवानगीने उघडता येणार, हे त्या निवडीत ठरते. याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. साचा कितीही मोकळा असला तरी त्यात मजकूर नीट रचता आला पाहिजे. स्पेसबार दाबून मधोमध आणलेले शीर्षक कुठल्याच साच्यात सुखरूप राहत नाही. पुस्तकाचा सगळा भर शिकण्यावर आहे, पण ते शिकायचे कशासाठी, याचे उत्तर निवडीत आहे.

हे मराठी वाचकाला पटवण्यासाठी लांबचे दाखले लागत नाहीत, कारण साचा दुसऱ्याच्या हातात असला की काय होते हे आपल्या लिपीने भोगलेले आहे. १९९०च्या दशकात मराठी डीटीपीचे युग सुरू झाले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींनी छपाईची कामे कमालीची सोपी केली आणि मराठी वर्तमानपत्रे, मासिके, ग्रंथ त्यांच्यावर निघू लागले. पण त्या काळातल्या बहुतेक फॉन्टांची युक्ती एकच होती: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. कृतिदेव हा आजही पुष्कळ टंकलेखकांच्या हाताखालचा फॉन्ट घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द टंकला तर फाइलमध्ये साठतात ती पाच रोमन अक्षरे: म साठी छोटा ई, र साठी छोटा जे, कान्यासाठी छोटा के, ठ साठी मोठा बी आणि दुसऱ्या वेलांटीसाठी छोटा एच. पडद्यावर मराठी, पोटात भलतेच. हा फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांचा चुरा समोर येतो. फॉन्ट असला तरी फाइलमध्ये ‘मराठी’ असे शोधून काहीच सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो शब्द तिथे नाहीच. नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली तर ती रोमन क्रमाने लागते. शुद्धलेखन तपासणीचा तर प्रश्नच उरत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा, त्यामुळे एका प्रणालीतला मजकूर दुसऱ्या प्रणालीत न्यायचा तर मध्ये रूपांतरक हवा, आणि रूपांतर झाल्यावर ऱ्या, र्‍ह, रफार आणि जोडाक्षरे पुन्हा डोळ्यांनी तपासायला माणूस हवा.

इथे कुणी कुणाला फसवले असे म्हणता येणार नाही. त्या कंपन्यांनी त्या दिवसांतली खरी गरज भागवली. इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१ मध्येच भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले होते आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण रोजच्या वापराच्या संगणकावर ती पोहोचायला विंडोज २००० यावे लागले. विंडोजसोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आयआयटी मुंबईचे प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. म्हणजे सामायिक मानक उपलब्ध असतानाही दशकभर मराठीचे लेखन खासगी तक्त्यांत साठत राहिले, आणि त्या दशकाची भरपाई आजही चालू आहे. जुनी पुस्तके पुन्हा छापायला काढणाऱ्या प्रकाशकाला विचारा. मूळ फाइल हाताशी असूनही पुस्तक नव्याने टंकून घेणे स्वस्त पडते, असे उत्तर अनेकदा मिळते. मजकूर हरवलेला नसतो, त्याची किल्ली हरवलेली असते.

अक्षरांचे झाले तेच अख्ख्या दस्तऐवजाचेही होऊ शकते. परिच्छेद कुठे संपतो, शीर्षक कोणते, तळटीप कुठल्या शब्दाला लागते, तक्त्यात किती रकाने आहेत, हे सगळे फाइलमध्ये कसे नोंदवायचे याचाही एक तक्ता असतो. वर्डच्या जुन्या ‘डॉक’ फाइलींचा तो तक्ता बराच काळ सर्वांना खुला नव्हता. मायक्रोसॉफ्टने त्याचे तपशील सार्वजनिक केले ते २००८ मध्ये. तोवर बाकीचे सारे संच अंदाजाने आणि उकल करत त्या फाइली वाचत होते. याला उत्तर म्हणून ओपनडॉक्युमेंट हा साचा पुढे आला. २००५ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेने तो मंजूर केला आणि २००६ मध्ये तो आयएसओ २६३०० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. लिब्रेऑफिस आपल्या फाइली मुळात याच साच्यात ठेवते. त्याचा मोकळेपणा हाताने तपासता येतो. ‘ओडीटी’ म्हणजे या साच्यातल्या मजकुराच्या फाइलची एक प्रत करा, तिचे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि ती उघडा. आत काही लहान फाइली दिसतील: एकीत मजकूर, एकीत स्टाइल, एकीत लेखकाचे नाव आणि तारीख यांसारखी माहिती. मजकुराची ‘कंटेंट’ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर खुणांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्ये जशीच्या तशी वाचता येतात. उद्या जगातला प्रत्येक ऑफिस संच नाहीसा झाला तरी हा मजकूर एखादा सामान्य प्रोग्रामर तासाभरात बाहेर काढील.

यावर जाणकार वाचक लगेच म्हणेल, की ‘डॉक्स’ फाइलही झिपच असते, तिच्यातही मजकूर वाचता येतो आणि तीही आयएसओ मानक आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २००८ मध्ये आयएसओ २९५०० म्हणून ते मानक मंजूर झाले. भारताने त्या मतदानात विरोधी मत दिले होते. विरोधाचे एक कारण उघड होते. ओपनडॉक्युमेंटचे वर्णन सुमारे सातशे पानांत बसले होते आणि त्याच कामाचे हे दुसरे मानक सहा हजार पानांच्या घरात गेले होते. जुन्या वर्डच्या लकबी सांभाळण्यासाठी त्यात एक ‘संक्रमणकालीन’ रूप ठेवले गेले, आणि वर्ड आजही एरवी त्याच रूपात फाइल साठवते. संक्रमण लांबलेच. तरीही माझे मत टोकाचे नाही. डॉक्स हे डॉकपेक्षा कितीतरी बरे आहे आणि देवाणघेवाणीसाठी डॉक्स पाठवणे यात काही पाप नाही. लिब्रेऑफिसही ते वाचते आणि लिहिते. पण आपली मूळ प्रत कुठल्या साच्यात ठेवायची हे ठरवताना, ज्याचे नियम थोडके आहेत, जे एका उत्पादनाच्या इतिहासाला बांधलेले नाहीत आणि जे अनेकांनी स्वतंत्रपणे राबवले आहेत, ते मानक निवडणे शहाणपणाचे. वर्डही २००९ पासून ओडीटी उघडते, त्यामुळे मूळ प्रत ओडीटीत ठेवल्याने कुणाशी संबंध तुटत नाही. भारत सरकारचे २०१०चे खुल्या मानकांचे धोरण आणि २०१५चे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण याच विचारावर उभे आहे. अंमलबजावणीचा विषय निराळा.

साचा म्हणजे तंत्रज्ञांचा बारीकसारीक तपशील, आपल्याला त्याचे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी ब्रिटनमधली २०२० सालची घटना आठवावी. करोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस सरकारी आकडेवारीतून गळाले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवता आले नाही. कारण इतकेच, की आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ साच्यात घेतली जात होती. त्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. नव्या साच्यात आणि लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ आहे. इथे दोष बंद साच्याचा नव्हता, जुन्या साच्याचा होता, हे मान्य. पण फाइलच्या शेवटच्या तीन-चार अक्षरांकडे न पाहण्याची सवय किती महाग पडू शकते, ते यावरून दिसते.

आता साचा ठरला तर संच कोणता? इथे थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण नावांच्या गोंधळात पुष्कळजण चुकीची वस्तू उतरवून घेतात. १९८०च्या दशकाच्या मध्यात मार्को बोरिस या किशोरवयीन जर्मन मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचा स्टारऑफिस हा संच १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीसकट विकत घेतला आणि २००० मध्ये त्याचा स्रोत सर्वांना खुला केला. त्यातून ओपनऑफिस जन्मले, २००२ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. नव्या मालकाच्या मनात काय आहे याची खात्री न वाटलेल्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापन केले आणि सगळा स्रोत घेऊन लिब्रेऑफिस या नव्या नावाने काम चालू ठेवले. ओरॅकलने पुढच्या वर्षी ओपनऑफिस हे नाव आणि प्रकल्प अपाची फाउंडेशनकडे सोपवला. नाव एकीकडे राहिले आणि काम करणारी बहुतेक माणसे दुसरीकडे गेली. परिणाम आज स्पष्ट दिसतो. अपाची ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ ची आहे आणि त्यानंतर तिच्यात किरकोळ दुरुस्त्याच होत आल्या आहेत. ते डॉक्स फाइल उघडते, पण डॉक्स म्हणून साठवत नाही. लिब्रेऑफिसची मात्र वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. तेव्हा ओपनऑफिस हे नाव ओळखीचे वाटते म्हणून तेच घेऊ नका. याच इतिहासात मुक्तस्रोत परवान्याचा खरा पुरावाही आहे. मालक तीनदा बदलले, एका मालकाशी पटले नाही, तरी वापरणाऱ्याची एकही फाइल अडली नाही. ज्या उत्पादनाचा स्रोत एकाच तिजोरीत असतो त्याच्या बाबतीत अशा वेळी वापरणाऱ्याच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काही नसते.

‘पण गुगल डॉक्स आहे की!’ हा आजचा सर्वांत जोरकस आक्षेप. फुकट आहे, मोबाइलवर चालते, चौघे एकाच वेळी लिहू शकतात. सोसायटीची नोटीस किंवा स्नेहसंमेलनाची यादी करायला ते उत्तमच आहे. आणि त्यातून फाइल ओडीटी किंवा डॉक्स म्हणून उतरवूनही घेता येते, हेही सांगितले पाहिजे. मात्र उतरवून घेईपर्यंत ती फाइल तुमच्या खात्यात आणि त्यांच्या यंत्रावर असते. खाते बंद झाले, नियम बदलले, जागा भरली, तर तुमचा त्यात काही शब्द चालत नाही. तीनशे पानांचा प्रबंध, तळटिपा, सूची असे काम आले की ते तोकडे पडते. डब्ल्यूपीएस फुकट मिळते पण मुक्तस्रोत नाही. ओन्लीऑफिस मुक्तस्रोत आहे, दिसायला वर्डसारखे आहे आणि डॉक्सलाच मध्यवर्ती मानते. ज्यांचे सगळे काम वर्डवाल्यांशी फाइली फिरवण्याचे आहे त्यांनी ते जरूर पाहावे. मराठीत दीर्घ लेखन करणाऱ्यासाठी मात्र माझी पसंती लिब्रेऑफिसला आहे. एक कारण साच्याचे, ते वर आलेच. दुसरे अक्षरांचे: २०१७ मधल्या ५.३ आवृत्तीपासून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर देवनागरीची जुळणी हार्फबझ या एकाच मुक्तस्रोत यंत्रणेकडून होते. त्याआधी एकच जोडाक्षर दोन संगणकांवर दोन प्रकारे दिसू शकत असे.

लिब्रेऑफिसवर सर्वाधिक घेतला जाणारा आक्षेप म्हणजे ‘वर्डची फाइल त्यात फुटते’. फुटते, हे खरे. पण का फुटते ते एकदा समजून घेतले की अर्धी लढाई जिंकली. पहिले कारण फॉन्ट. फाइल कॅलिब्रीत असेल आणि तुमच्याकडे कॅलिब्री नसेल, तर तिच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळींची लांबी बदलते आणि आठ पानांची नऊ पाने होतात. इंग्रजीपुरता यावर तोडगा आहे: कार्लिटो हा फॉन्ट मापाने कॅलिब्रीबरोबर जुळणारा आणि लिबरेशन हे फॉन्ट टाइम्स न्यू रोमन व एरियलशी जुळणारे घडवलेले आहेत. मंगल किंवा निर्मला या देवनागरी फॉन्टांना असा मापाने जुळणारा मोकळा जोड मला ठाऊक नाही, म्हणून मराठी फाइल अधिक हलते. उपाय दोन. मुक्ता किंवा लोहित यांसारखा मोकळा देवनागरी फॉन्ट दोन्ही टोकांना बसवून घ्यावा, किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा. (वर्डनेही आपला नेहमीचा फॉन्ट कॅलिब्रीवरून अ‍ॅप्टोसवर नेला आहे, जुन्या ऑफिसवाल्यांना तोच त्रास आता वर्डच्याच फाइलींनी होतो.) दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आणि आपल्या हातातले आहे. ‘फुटलेल्या’ फाइली उघडून पाहिल्या तर बहुतेकांत पान बदलण्यासाठी वीस वेळा एंटर मारलेले असते, सही उजवीकडे नेण्यासाठी टॅब आणि स्पेस यांची रांग असते, शीर्षक म्हणजे जाड केलेला साधा परिच्छेद असतो. अशी फाइल वर्डच्याच दुसऱ्या आवृत्तीत किंवा दुसऱ्या प्रिंटरवरही हलतेच.

म्हणून या पुस्तकाचा गाभा आहे तो स्टाइलचा. शीर्षक निवडून ‘बी’ दाबणे आणि फॉन्ट सोळाचा करणे हे फक्त दिसण्याचे काम झाले; त्याच परिच्छेदाला ‘हेडिंग १’ ही स्टाइल देणे म्हणजे हे प्रकरणाचे शीर्षक आहे असे फाइलला सांगणे. फरक लगेच कळतो. कंट्रोल आणि १ दाबून सगळ्या प्रकरणांना ती स्टाइल दिली की एफ५ ने उघडणाऱ्या नेव्हिगेटरमध्ये पुस्तकाचा सांगाडा दिसतो, तिथूनच अख्खे प्रकरण उचलून पुढे-मागे करता येते, अनुक्रमणिका एका आज्ञेत तयार होते आणि पाने बदलली तरी तिला फक्त अद्ययावत करावे लागते. शीर्षकांचा आकार बदलायचा तर एकदाच, स्टाइलमध्ये. पानांचीही स्टाइल असते, हे रायटरचे, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या लेखनाच्या प्रोग्रामचे, वैशिष्ट्य; मधल्या एखाद्या रुंद तक्त्यासाठी पान आडवे करायचे तर पेज ब्रेक देताना आडव्या पानाची स्टाइल निवडायची आणि तक्ता संपल्यावर पुन्हा उभ्या पानाची. वर्डमध्ये सेक्शन ब्रेकने जे होते ते इथे वेगळ्या वाटेने होते, आणि नवशिके सर्वाधिक इथेच अडखळतात.

मराठी लेखकासाठी आणखी एक गाठ आहे, ती इथेच सोडवतो. लिब्रेऑफिस प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टचे वेगवेगळे भाग ठेवते: एक पाश्चात्त्य लिप्यांसाठी, एक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ म्हणजे देवनागरीसारख्या जुळणीच्या लिप्यांसाठी. स्टाइलमधल्या मराठीच्या भागात तुम्ही आकार चौदाचा केलात तर तो मराठीचाच होतो. मध्येच आलेला इंग्रजी शब्द बारावरच, त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बसून राहतो. लोक याला बिघाड समजून वैतागतात. हा बिघाड नाही, उलट ही सोय आहे, पण ती आधी कुणी सांगत नाही. स्टाइलमध्ये दोन्ही भाग एकदा भरून ठेवा, देवनागरी थोडी मोठी आणि इंग्रजी थोडी लहान ठेवा, म्हणजे द्विभाषिक मजकूर डोळ्यांना समतोल दिसतो. याच्याच शेजारी भाषेची निवड असते. टूल्स मेनूतल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या भागात जाऊन जटिल लिप्यांसाठी ‘मराठी’ निवडणे हे अनेकांना औपचारिक वाटते. पण मजकूर मराठी आहे हे फाइलला ठाऊक नसेल तर तो हिंदी समजला जाऊ शकतो, शब्दांखाली नाहक तांबड्या रेघा येतात, आणि ज्या फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणे स्वतंत्र दिलेली आहेत त्यांतही ती उमटत नाहीत.

नोकरीच्या जाहिरातीत एमएस ऑफिस मागतात, मग हे शिकून काय उपयोग, असे पालक विचारतात. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकावर बसवले आणि त्यात ऑफिस म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे समीकरण रुजले. त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण बटणांच्या जागा पाठ करणाऱ्याचे काय होते ते २००७ साली दिसले. त्या वर्षीच्या ऑफिसने जुने मेनू काढून रिबन आणली आणि वर्षानुवर्षे वर्ड वापरणारे लोक ‘प्रिंट कुठे गेले’ म्हणून शोधू लागले. स्टाइल, तळटीप, मेल मर्ज, पिव्होट तक्ता, सूत्रातला स्थिर आणि बदलता संदर्भ या कल्पना ज्याला कळल्या होत्या तो दोन दिवसांत सावरला. त्या कल्पना दोन्ही संचांत सारख्याच आहेत. कॅल्कमधली सूत्रे बहुतांशी एक्सेलच्याच नावांची आहेत. एक्सलुकअपसुद्धा २०२४ च्या २४.८ आवृत्तीत आले आहे. ज्याला रिबनच हवी त्याला रिबनसारखी मांडणीही व्ह्यू मेनूतून निवडता येते. केरळच्या सरकारी शाळांत मुले गेली कित्येक वर्षे मुक्तस्रोत प्रणालींवरच संगणक शिकतात, आणि ती मुले नोकरीच्या बाजारात मागे पडली असे कुणी म्हणत नाही.

म्युनिकचे काय झाले, हा प्रश्न जाणकार माणसाकडून हमखास येतो. त्या शहराच्या पालिकेने २००३ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींकडे जायचे ठरवले, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. जर्मनीतल्याच फ्रायबुर्गने २००७ मध्ये ओपनऑफिस घेतले आणि २०१२ मध्ये सोडले. ही अपयशे झाकून ठेवण्याचे कारण नाही. फ्रायबुर्गमध्ये तर जुने ऑफिस २००० आणि ओपनऑफिस वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालू राहिले. एकच फाइल दोन्हींत फिरत राहिली आणि दोन्हींचा त्रास कर्मचाऱ्यांच्या पदरी पडला. याउलट इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये सुमारे दीड लाख संगणकांवर लिब्रेऑफिस नेण्याची घोषणा केली तेव्हा शिकवणाऱ्यांना आधी शिकवण्याची तजवीज त्यात होती. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० सरकारी संगणकांसाठी हाच निर्णय घेतला. या उदाहरणांवरून मी एवढेच म्हणतो, की नुसते बसवून दिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर टिकत नाही. जिथे शिकवण्याचा खर्च वाचवला तिथे वाचलेला पैसा त्रासाच्या रूपाने वसूल झाला.

काही ठिकाणी मात्र वर्ड-एक्सेलच लागते, आणि ते कबूल न करणे म्हणजे वाचकाला तोंडघशी पाडणे होय. कर सल्लागारांच्या हाताखालच्या मॅक्रोवाल्या एक्सेल फाइली, म्हणजे विवरणपत्रे भरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ऑफलाइन युटिलिटी, कॅल्कमध्ये भरवशाने चालत नाहीत, कारण त्या एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेल्या असतात. ज्यांचा धंदाच त्यावर आहे त्यांनी एक्सेलचा परवाना घ्यावा. बाकीच्या कामाला कॅल्क वापरायला कुणी अडवत नाही. एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी लिहिणे ही संगणकावर बसवलेल्या लिब्रेऑफिसची जमेची बाजू नाही; त्यासाठी त्याच्यावरच आधारलेले कोलॅबोरा ऑनलाइन सर्व्हरवर चालवावे लागते. मराठी शुद्धलेखन तपासणीचे एक्स्टेन्शन वेगळे बसवावे लागू शकते, आणि प्रत्ययांवर प्रत्यय चढणाऱ्या आपल्या भाषेत ते अनेक बरोबर शब्दांनाही चूक ठरवते. मेनू मराठीत करून घेता येतात, पण मधूनच इंग्रजी शब्द डोकावतात. माझा सल्ला असा, की मेनू इंग्रजीत ठेवावेत आणि मजकुराची भाषा मराठी ठेवावी. मदत शोधताना सोपे जाते.

ज्यांना वाचण्यापेक्षा पाहून शिकणे रुचते त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिब्रेऑफिसवरचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत; या पुस्तकाच्या जोडीला ते चांगले उपयोगी पडतील. पाठातल्या आणि या पुस्तकातल्या चित्रांपेक्षा तुमचा पडदा थोडा निराळा दिसेल, कारण नवी आवृत्ती दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते. त्याने अडू नका. एखादी आज्ञा एका मेनूतून दुसऱ्यात गेली असेल, इतकेच. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी दोन कामे करून ठेवा. भाषा मराठी आणि देवनागरी फॉन्ट मोकळा, ही निवड ऑप्शन्समध्ये करा. मग तुमचीच दहा-पंधरा पानांची एखादी जुनी फाइल घ्या, शाळेचा अहवाल, संस्थेचे इतिवृत्त, काहीही. तिची प्रत ओडीटी म्हणून साठवा, सगळा मजकूर निवडून फॉरमॅट मेनूतले ‘क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग’ द्या, आणि पुढची प्रकरणे त्या उघड्याबोडक्या प्रतीवर करून पाहा.